रत्नामावशीचं उत्तर

रविवार, ऑक्टोबरचा शेवटचा. दुपार कलली होती. लखनौ, निशातगंज, मसीह कुटुंबाचं घर, मागची खोली.

हजर: रत्नामावशी, खाटेवर. तिचा मुलगा प्रकाश, दाराच्या चौकटीला टेकून. सून रीना, उशाशी. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक. मंडळीतल्या मिसेस लाल, खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीत. आणि मी.

गैरहजर: एक.

ही यादी मी तेव्हा केली नव्हती, आत्ता केली. यादीशिवाय मला कशालाच सुरुवात करता येत नाही — आणि या गोष्टीला सुरुवात करायला इतकी वर्षं गेली, की आता निदान सवयीचा तरी आधार घ्यावा. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की तो रविवार समोर येतो, आणि मी वळसा घालून पुढे जाते — रस्ता खोदून ठेवलेला असला की आपण शेजारच्या गल्लीतून जातो ना, तशी. देवाला माहीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्याला माहीत असणं आणि मी सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाहीत का?

मी नगरची. नवऱ्याला इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून लखनौला आले, माझ्या बँकेत बदली करून घेतली आणि इथलीच झाले. आमची मंडळी हिंदी. उपासना हिंदीत, गाणी हिंदीत, दारात ‘जय मसीह की’. नगरला आम्ही एकमेकांना सलाम करायचो. सुरुवातीची काही वर्षं तो सलाम तोंडातच राहायचा. मग सवय झाली.

माझी आई म्हणायची, माणूस ख्रिस्ती आहे की नाही हे पाळकाला विचारू नये, त्याच्या शेजाऱ्याला विचारावं. आमच्या घरात विश्वास म्हणजे मोठमोठ्याने प्रार्थना नव्हे. कोणाकडे आजारपण आलं की न सांगता पोचायचं, भांडी घासायची, परत यायचं, आणि त्याबद्दल बोलायचं नाही. मी हे आईकडून घेतलं, आणि — काय सांगू — त्याचं ऑफिस करून टाकलं. मंडळीत कोण आजारी, कोणाकडे कोणी डबा न्यायचा, इस्पितळात कोण बसणार, कोणाची गाडी मिळेल, हे सगळं माझ्याकडे. मिसेस लाल म्हणायच्या, “सुनीता बहन के यहाँ तो लोग बीमार भी टाइम लेकर पड़ते हैं.” सगळे हसायचे. मीही हसायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? खोटं बोलून झालंय माझं.

एका रविवारी पाळकांनी संदेशात, म्हणजे प्रवचनात, सांगितलं, विश्वास कसा दिसतो ते बघायचं असेल तर सुनीता बहनकडे बघा. मी मान खाली घातली. नम्रतेने नव्हे. पण तो रविवार या रविवारानंतरचा — तिथे येईनच.

रत्नामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. नगरजवळच्या एका खेड्यातली, नर्सिंग शिकून नोकरीसाठी इथे आलेली, इथल्याच हिंदी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाशी लग्न करून राहिलेली. मी आले तेव्हा तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. निशातगंजच्या बाजारात ती भाजीवाल्याशी अशी भांडायची की तो तिला पिढ्यान्‌पिढ्यांची लखनौची समजायचा. मला पहिल्यांदा भेटली तेव्हा मंडळीच्या दारातच म्हणाली, “नगरची ना? मग उभी काय राहिलीस, पिशवी धर.” त्या एका वाक्यासाठी मी तिला मावशी केलं.

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली, आणि हिंदी गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी — नंतर शिकलेली भाषा आधी जाते. राहिलं ते लहानपणचं मराठी, तेही जड जिभेचं, अर्धं गिळलेलं. प्रकाशला मराठी येत नव्हतं. घरात वडलांची भाषा चालायची, त्याला ‘पाणी’ आणि ‘जेवण’ एवढंच कळायचं. रीना तर लखनौचीच. म्हणजे त्या बाईने आयुष्यभर ज्या घरात भांडून, रागावून, लाड करून संसार केला, त्या घरात तिचं बोलणं कोणालाच कळेना.

म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी बँकेतून परतताना रोज अर्धा तास तिकडे डोकावू लागले. मावशी बोलायची, मी हिंदी करून सांगायचे. पाठ दुखतेय. उशी बदल. मिसेस लालला सांग माझ्यासमोर बसून बिस्किटं खाऊ नकोस. रीना माझ्या तोंडाकडे बघत राहायची. रीनाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मावशीने तिला वर्षानुवर्षं टोमणे मारले होते — रोटी जाड, केस मोकळे, माहेरचे आळशी. तीच रीना तिचं सगळं करायची. पुसणं, कूस बदलणं, चादरी. तोंडातून हूं की चूं नाही. उलट बेसूर गाणी म्हणायची काम करताना. आणि माझ्याकडून तिने दोन-तीन वाक्यं शिकून घेतली होती. “अम्मा, दुखतंय का?” असं ती विचारायची, आणि मावशी ते ऐकून डोळे मिटून घ्यायची. मी डबे पोचवत होते, रीना माणूस सांभाळत होती. हा फरक मला दिसत होता की नव्हता? दिसत होता, असं आता वाटतं.

आणि आणखी एक दिसत होतं. त्या घरात मावशीचं बोलणं समजणारी मी एकटी होते. मी आले की खोली गप्प व्हायची. मी जे सांगेन तेच मावशीचं म्हणणं. यात काय सुख असतं हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. मी ते भोगत होते, आणि त्याला सेवा म्हणत होते.

आता गैरहजर होती तिच्याबद्दल.

मावशीला एक मुलगी आहे, प्रकाशपेक्षा लहान. करुणा. शाळेची काही वर्षं ती नगरला आजोळी राहिली होती, त्यामुळे तिचं मराठी अगदी स्वच्छ. तिने मंडळीबाहेरच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. लखनौबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे त्यांची रोपवाटिका आहे. मावशीने तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे करुणा तान्ही मुलगी घेऊन आईच्या दारात आली, तर मावशीने तिला दारातूनच परत पाठवलं. हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. त्यावर कोणी काही बोललं नाही. मीही नाही. घरगुती बाब म्हणून सोडून दिलं. पोलिओच्या डोसापासून लग्नाच्या मांडवापर्यंत लोकांच्या घरात शिरणारी मी — ती बाब मात्र मला घरगुती वाटली.

त्या रविवारी पाळक मावशीला प्रभुभोजन द्यायला घरी आले होते. वेळ मी ठरवली होती. त्यांना पुढे आणखी एका आजाऱ्याकडे जायचं होतं, तेही मीच ठरवलेलं. आमच्या पाळकांची एक रीत आहे. आजाऱ्याला भाकर देण्याआधी ते विचारतात: कोणाविषयी मनात काही राहिलं आहे का? आणि उत्तर मिळेपर्यंत भाकर मोडत नाहीत. कधी आजारी मान हलवतो, कधी रडतो, कधी शेजाऱ्याला बोलावणं जातं. एकदा एका म्हाताऱ्याने दुधवाल्याला बोलवायला लावलं होतं, आणि पाळक भाकर झाकून तो येईपर्यंत बसून राहिले होते.

त्यांनी हिंदीत विचारलं. मी वाकून मावशीच्या कानाशी मराठीत विचारलं.

तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मग बोलली. शब्द जड होते, पण मला एकेक नीट कळला.

“धाकटीला बोलवा. मी तिला दारातून परत पाठवलं. ती आल्याशिवाय मी घेणार नाही.”

एवढंच. तीन वाक्यं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी सरळ झाले. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय होतं ते सांगते — आणि हे सबबी म्हणून नाही सांगत. पाळकांना उशीर होईल, हे होतं. मिसेस लाल खुर्चीत बसल्या आहेत आणि उद्या सकाळपर्यंत ही गोष्ट शहराच्या दुसऱ्या टोकाला आलमबागपर्यंत पोचेल, हे होतं. प्रकाशने बहिणीचं नाव काढलेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तो काय करेल, हे होतं. नाव घेऊ नका असं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. कोणीच मला काही सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं. डॉक्टर म्हणाले होते की अजून काही आठवडे आहेत. करुणाला मी नंतर शांतपणे गाठीन, नीट जुळवून आणीन, गडबड न होऊ देता — हेही होतं. आणि या सगळ्याच्या तळाशी एक बारीकशी गोष्ट होती. करुणा आली, की मावशीचं मराठी समजणारी दुसरी बाई या खोलीत येईल.

मी म्हणाले, “पादरी साहब, कह रही हैं, मन साफ़ है. सबको माफ़ कर दिया.”

बघा, मी काय केलं ते. ती बाई क्षमा मागत होती. मी तिला क्षमा करणारी करून टाकलं. मागणारे हात मी उलटे करून देणारे केले — एका वाक्यात, हिंदीत, अगदी विनासायास. आणि वाक्यही किती भक्तीचं निवडलं! कोणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. मरणाच्या वाटेवरची ख्रिस्ती बाई असंच म्हणणार, नाही का?

पाळकांचा चेहरा सैल झाला. मिसेस लालनी डोळे पुसले. रीना मात्र मावशीच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. ‘सबको’ या शब्दात तिने स्वतःला धरलं होतं. जाड रोट्या, मोकळे केस, आळशी माहेर — सगळ्याची तिला माफी मिळाली होती. माझ्याकडून.

पाळकांनी भाकर मोडली, द्राक्षरसात बुडवून पुढे केली. मावशीने ओठ मिटून घेतले. पाळक थबकले, माझ्याकडे बघू लागले. तेव्हा तरी? तेव्हासुद्धा वेळ गेलेली नव्हती. मी म्हणाले, निगलने में तकलीफ़ है, आणि तो तुकडा त्यांच्या हातून घेऊन मीच तिच्या ओठांना लावला.

“मावशी, घे.”

तिने माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर आजाऱ्यांना औषधं भरवलेली बाई ती. कोण काय भरवतंय हे तिला कळत होतं. बघत राहिली. मग तोंड उघडलं. का उघडलं? दमली असेल. किंवा तिला कळलं असेल की आता या खोलीत तिचं बोलणं बाहेर नेणारं कोणी उरलेलं नाही. एक थेंब हनुवटीवर ओघळला, तो मी रुमालाने चटकन पुसला. कामाला मी चटपटीत आहे.

त्यानंतर मी रोज जात राहिले, पण मावशी माझ्याशी बोलली नाही. बुधवारी मूगडाळीची पातळ खिचडी घेऊन गेले, तर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. रीना हसून म्हणाली, “आपसे भी रूठ गईं, दीदी? चलिए, अब आप भी घर की हुईं.” मी हसले. करुणाला फोन शनिवारी करू, असं ठरवलं होतं. आठवडाभर बँकेत तपासणी चालू होती. शनिवार उजाडायच्या आत मावशी गेली.

दफनाची सगळी व्यवस्था माझ्याकडे. करुणाला प्रकाशने कळवलं होतं. त्याने, मी नव्हे. ती कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी राहिली, आत येईना. मी दुरून बघत होते. प्रकाश शवपेटीपाशी होता, तो वळला, फाटकापर्यंत चालत गेला आणि बहिणीला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. मग तिचा हात धरून तिला आत घेऊन आला. ज्या भांडणाच्या भीतीने मी खोटं बोलले होते, ते भांडण असं झालं.

माती देऊन झाल्यावर कोणी कोणत्या गाडीतून जायचं ते मी सांगत होते. करुणा जवळ आली. मला ती काकू म्हणते. म्हणाली, “काकू, तुम्ही होतात ना तिथे? भैया सांगतोय, आईने सगळ्यांना माफ केलं म्हणून.”

मी हो म्हटलं.

“त्या सगळ्यांत मी होते?”

“असशीलच ना गं.”

“पण माझ्याबद्दल काही बोलली? काहीही?”

मी म्हणाले, “नाही. शेवटी तिला फारसं बोलता येत नव्हतं.”

पहिलं खोटं मी एका खोलीत, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर असताना, घाईत बोलले असं कोणी म्हणेल. हे दुसरं? तिच्या डोळ्यांत बघून, मराठीत, मला कसलीच घाई नसताना बोलले. खरं सांगितलं असतं तर तिने पुढचा प्रश्न विचारला असता — मग मला का नाही बोलावलं? त्या एका प्रश्नातून सुटण्यासाठी मी तिची आई तिच्यापासून काढून घेतली.

करुणाने मान हलवली. “बरोबर आहे,” म्हणाली. “एकदा दार लावलं की लावलं. सिस्टरच होती ना, व्हिजिटिंग अवर संपले की संपले.” आणि जरा हसली. मग म्हणाली, म्हाताऱ्या बायकांसाठी गाडीत जागा कमी पडत असेल तर ती दोघींना सोडेल. आणि तिने सोडलं.

याला आता बरीच वर्षं झाली. मावशीची आठवण निघते त्या रविवारी रीना दरवर्षी मंडळीपुढे साक्ष देते. साधी, दोन मिनिटांची. अम्मा का मन साफ़ था, जाते-जाते हम सबको माफ़ करके गईं. ती माफी रीनाने नुसती घेऊन ठेवली नाही, वापरली. जी भावजय तिला कधी विचारत नव्हती तिच्याकडे जाऊन राहून आली. शेजारच्या म्हातारीचं, ना नात्यातली ना मंडळीतली, आता तीच सगळं करते. माझ्या खोट्यातून हे उगवलं आहे. यावर मी पुष्कळ विचार केला, आणि काही काळ त्यात समाधानही मानलं. सांगितलं तर रीनाचं मन मोडेल, म्हणून मी गप्प आहे — असं मी स्वतःला सांगत आले. तीही सबबच. रीना होती तशीच आहे. ती ‘दुखतंय का’ शिकली तेव्हा कोणी तिला माफ केलेलं नव्हतं.

मी त्या दिवसापासून प्रभुभोजन घेतलेलं नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी तशी व्यवस्था केली. छोटे पेले भरणं, तबकं लावणं, नंतर धुणं, हे मी अंगावर घेतलं. लोक पुढे जाऊन गुडघे टेकतात तेव्हा मी मागच्या खोलीत नळापाशी असते. पाळकांनी संदेशात माझ्याकडे बोट दाखवलं ते याच कामासाठी. सुनीता बहनकडे बघा, दुसरे प्रभूच्या मेजाशी येतात तेव्हाही ती सेवेत असते. मी मान खाली घातली. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, दमलेय. ते मात्र खरं होतं. अजूनही आहे. हे वाहून मी दमले आहे — आणि माझ्या दमण्याचं कोणाला काही वाटावं, असंही यात काही नाही.

एकदा गेले होते. मागच्या थंडीत. गाडी काढली आणि सरळ बख्शी का तालाबच्या पुढे, त्यांच्या रोपवाटिकेत. करुणाची मुलगी — दारातून परत गेलेली तीच — आता कॉलेजात आहे. तिने आत हाक मारली, “मम्मी, आपकी वाली भाषा की आंटी आई हैं.” करुणा मातीचे हात झटकत आली, तिने चहा केला. प्रकाशचं, रीनाचं विचारलं. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. तेवढ्यात ती मुलीकडे बघून म्हणाली, “हिला मराठी कळतं सगळं, उत्तर हिंदीत देते, देऊ दे. पण मी शिकवलंय बरं का, काकू. आईसारखी मीही शेवटी मराठीतच बडबडायला लागले, तर कोणाला तरी कळायला हवं ना.”

मी चहा संपवला. कढीपत्त्याचं रोप घेतलं, शेवंतीच्या दोन कुंड्या घेतल्या. करुणाने त्या गाडीत ठेवून दिल्या, ब्रेक मारताना कलंडू नयेत म्हणून विटेचा आडोसा केला. मी निघून आले.

ख्रिस्ती माणूस कसा ओळखावा, हे आता मला कोणी विचारलं तर मी रीनाचं नाव सांगेन, करुणाचं सांगेन, जी पुढे मंडळीत आलीच नाही. त्या म्हाताऱ्या बायकांना घरी सोडून आलेल्या गाडीबद्दल सांगेन. माझं नाव सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी काय खोटं सांगितलं ते तुम्ही आत्ता वाचलंत.

आता काय करायचं ते मला नीट कळतं. आधी करुणाला, मग रीनाला आणि प्रकाशला, मग पाळकांना. याच क्रमाने. पाळकांना आधी सांगितलं तर ते माझ्याबरोबर प्रार्थना करतील, मला हलकं वाटेल, आणि मी करुणाकडे जाणार नाही. स्वतःला मी एवढं ओळखते. तिला समजावून काही सांगायचं नाही. पाळकांचा उशीर नाही, मिसेस लाल नाही, डॉक्टरांचे आठवडे नाहीत. मावशी जे बोलली ते, तिच्याच शब्दांत, आणि ते मी कुठे अडवलं ते. मग ती जे विचारेल त्याला उत्तर द्यायचं.

परवा दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी आहे. याआधीही बरेच दुसरे शनिवार आले. तिच्या आईची तीन वाक्यं अजून माझ्याकडेच आहेत. करुणाला ती सांगितलेली नाहीत.